बाईंना दिसायचं ते

लढाईच्या दिवसांत मी नेवाशाला दवाखाना काढला. पुण्याहून डॉक्टरीची परीक्षा देऊन आलो तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि प्रवरेच्या दोन्ही काठांवर आपल्याइतकं शिकलेलं कुणी नाही, अशी माझी समजूत होती. बाजारपेठेच्या टोकाला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पुढच्या खोलीत माझं टेबल, औषधांचं कपाट आणि दाराशी रोग्यांना बसायला एक लांब बाक. मागच्या खोलीत मलमपट्टीचं सामान आणि एक खाट. बाहेर लिंबाचं झाड होतं, त्याच्या सावलीत खेड्यांतून आलेल्या बैलगाड्या सोडल्या जायच्या.

पहिल्या वर्षी बायका फारशा येतच नसत. आल्या तरी नवऱ्याच्या आड उभ्या राहून त्याच्याच तोंडून दुखणं सांगायच्या. म्हणून नगरच्या एका इस्पितळात शिकलेल्या नर्सबाईंना मी बोलावून घेतलं. त्या काष्टीकडच्या शेतकरी घरातल्या. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, तेव्हा भावानं हिंमत करून त्यांना शिकायला धाडलं होतं. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या असतील. अंगानं किरकोळ, पांढरं पातळ, आवाज बारीक. माझ्याशी त्या जरा जपून बोलत, रोग्यांशी मात्र सरळ त्यांच्या बोलीत. सगळे त्यांना बाई म्हणत. मीही.

बायका येऊ लागल्या. त्याचा मला आनंदच झाला, त्यासाठीच तर बाईंना आणलं होतं. म्हाताऱ्या माणसांचा विचार माझ्या मनात नव्हता. म्हातारं माणूस आलं की मी नाडी बघायचो, छाती तपासायचो, जीभ बघायचो आणि खोकल्याचं नाहीतर शक्तीचं औषध भरून द्यायचो. बाटलीला डोसाची कागदी पट्टी चिकटवली की माझं काम संपलं. वर "आता वय झालं, बाबा," एवढं म्हणायचो. तेही मान हलवून निघून जायचे. पुन्हा आले तर आले.

एके दिवशी असाच एक म्हातारा शेतकरी खोकला घेऊन आला. मी औषध दिलं, तो उठला आणि निघाला. बाई दाराशी पट्ट्यांच्या घड्या घालत होत्या. हातातलं काम ठेवून त्या त्याच्या मागे लिंबाखाली गेल्या आणि बराच वेळ बोलत बसल्या. परत आल्यावर मी विचारलं, काय झालं.

"त्यांच्या दंडावरचा ताईत बघितला का?" त्या म्हणाल्या. "दंडात रुतलेला असायचा, तो कोपरावर आलाय. दोऱ्याला दुसरी गाठ मारलीय, ती पण सैल पडलीय."

मी ताईत पाहिला नव्हता. छाती पाहिली होती. बाईंनी सांगितलं त्यावरून कळलं ते असं: म्हाताऱ्याची बायको दिवाळीत वारली होती. सून पहाटे शेतावर जाताना भाकरी झाकून ठेवायची. म्हाताऱ्याला दात उरले होते तीन. दुपारपर्यंत वाळून कडक झालेली ती भाकरी तो पाण्यात बुडवून अर्धी खायचा आणि उरलेली कुत्र्याला घालायचा, म्हणजे सुनेला वाईट वाटायला नको. घरात कुणालाच पत्ता नव्हता. बाईंनी गाडीपाशी उभ्या असलेल्या मुलाला बोलावून सांगितलं की भाकरी सकाळीच आमटीत कुस्करून ठेवा, दाण्याचं कूट घाला, शेळीचं दूध निघतं ते विकायच्या आधी वाटीभर म्हाताऱ्याला द्या, आणि त्याला एकट्याला जेवायला बसवू नका.

मी म्हटलं, "हे काही औषध नव्हे."

"न्हाई," बाई म्हणाल्या. "औषध तुम्ही दिलंच की."

दीड-दोन महिन्यांनी तो म्हातारा पुन्हा आला. चेहऱ्यावर तकाकी होती. मी खुर्चीवरून उठून "काय, खोकला गेला ना?" असं विचारलं, तर तो माझ्या खांद्यावरून मागच्या खोलीकडे बघत म्हणाला, "बाई कुटं हायेत?" बाई आल्या तेव्हा त्यानं बंडीची बाही वर करून ताईत ओढून दाखवला. तो हलत नव्हता. दोघंही हसली.

तेव्हा मला जे वाटलं त्याला मी मनात राग म्हटलं. नर्सनं डॉक्टरच्या रोग्याशी परस्पर बोलावं हे रीतीला धरून नाही, असं स्वतःला सांगितलं. आता खरं नाव घ्यायला हरकत नाही. तो मत्सर होता, आणि पुढची दोन वर्षं तो माझ्याबरोबर रोज दवाखान्यात येऊन बसत होता.

म्हाताऱ्या माणसांना पारखायची बाईंची एक पद्धत बसून गेली. दाराशी एक बुटकं स्टूल होतं. त्यावर बसवून त्या म्हणायच्या, कशाला न धरता उठा बरं. मग म्हणायच्या, त्या लिंबाला हात लावून या. म्हातारे-कोतारे पोरांचा खेळ असल्यासारखे हसत जायचे. बाई त्यांच्या बाजूनं चालत आणि मध्येच काहीतरी विचारत, पाऊस कसा झाला, नातीचं लग्न ठरलं का. काही जण चालता चालताच उत्तर द्यायचे. काही जण उत्तर द्यायला थांबायचे. थांबणाऱ्यांकडे बाई जास्त बघत. म्हाताऱ्या बायकांच्या हातातल्या बांगड्या मनगटावर आहेत की कोपराकडे घसरतायत, हे त्या बोलता बोलता बघून घेत. अशा माणसांना त्यांचा एक शब्द होता. "हे मानूस खचाया लागलंय," असं त्या मला हळूच सांगत. मग त्याच्या घरचं कुणी आलं असेल तर त्याला बाजूला घेत. खाट उंबऱ्यापासून हलवा. काठी द्या. शेजारणीला सांगा, दिवसातून एकदा हाक मारत जा. असल्या गोष्टी. मी पुण्याला चार वर्षं शिकलो त्यात यातलं काही नव्हतं.

लोकांनी ते ओळखलं. हळूहळू म्हातारी माणसं माझ्याकडे बघायच्या आधी बाई आहेत का ते बघू लागली. कुणी त्यांच्यासाठी फडक्यात बांधून गवारीच्या शेंगा आणायचं, कुणी ओल्या भुईमुगाचा जुडगा. मला ते हात जोडायचे. माझे हातही आपसूक जोडले जायचे, पण डोळा त्या जुडग्यावर असायचा. घरी भुईमूग काही कमी नव्हता.

मी चोरून शिकायचा प्रयत्न केला. पलीकडच्या काठावरची एक म्हातारी यायची, एकटी राहणारी, जरा फटकळ. मी तिला बाईंसारखा आवाज काढून विचारलं, "आजी, जेवण जातं का?" ती म्हणाली, "जातंय की." मी समाधानानं औषध लिहिलं. तिला निरोप देऊन बाई आत आल्या आणि म्हणाल्या, तिनं चार दिवसांत चूल पेटवलेली नाही, चहावर आहे. मी म्हटलं, मला तर जेवण जातं म्हणाली.

"जेवण जातं का विचारलं की कुणीपन व्हयच म्हनतं," बाई म्हणाल्या. "मी इचारते, काल सांजच्याला काय खाल्लं."

किती साधी गोष्ट. त्यांनी मला ती न मागता दिली, आणि मी ती घेतली, पण त्याबद्दल आभाराचा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. उलट त्या दिवशी घरी जाताना मी रस्ताभर त्यांच्या चुका आठवत होतो. एकदा त्यांनी बाटलीवर पट्टी उलटी लावली होती. ती आठवून मला बरं वाटलं.

त्याच हिवाळ्यात मी एक गोष्ट केली. एके सकाळी बाईंना सांगितलं की दाराशी गर्दी होते, हिवतापाच्या रोग्यांना उभं राहावं लागतं, तेव्हा लिंबापर्यंत चालवायचं बंद. तुम्ही आतल्या खोलीत बायका आणि मलमपट्टी तेवढं बघा. म्हातारे मी बघेन. गर्दी होत होती हे खरं होतं. पण मी ते गर्दीसाठी केलं नव्हतं. बाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, "बरं" म्हणाल्या आणि स्टूल उचलून आत नेलं.

महिना-सव्वा महिना असा गेला. मग ती फटकळ म्हातारी आली. पोट साफ होत नाही म्हणाली, आणि मधून मधून भोवळ येते. मी लिहीत होतो. तिला उठायला सांगितलं तेव्हा ती दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून उठली आणि पाऊल टाकायच्या आधी तशीच उभी राहिली. हातातल्या चांदीच्या बांगड्या कोपराजवळ गोळा झाल्या होत्या. मला ते दिसलं. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की दिसलं नव्हतं. दिसलं होतं, आणि त्याचा अर्थही कळला होता, कारण तोवर बाईंकडे बघून बघून मी तेवढं शिकलो होतो. त्या दहा पावलांवर आतल्या खोलीत होत्या. हाक मारायची तेवढी होती. पण हाक मारली असती तर बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं असतं, की डॉक्टरला बाई लागतात. मी तिला नेहमीचं जुलाबाचं औषध दिलं आणि पुढच्या रोग्याला बोलावलं.

औषधानं आपलं काम केलं. पहाटे परसाकडे जायला ती तीन-चारदा उठली आणि शेवटच्या खेपेला अंगणात पडली. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. उजाडल्यावर शेजाऱ्यांनी पाहिलं.

निरोप आला तेव्हा बाई पिशवी घेऊन माझ्याबरोबर निघाल्या. होडीतून पलीकडे गेलो. म्हातारीला घरात आणून घोंगडीवर निजवलं होतं. नगरला न्यायला ती तयार नव्हती, आणि बैलगाडीतून एवढी वाट तिला झेपलीही नसती. मी पाय बांधला, दुखणं कमी व्हायचं औषध दिलं. बाईंनी तिचं अंग पुसलं, लुगडं बदललं, तोंडात चमच्यानं दूध घातलं. म्हातारी त्यांच्याकडे बघत होती.

"त्या दिशी तुमी कुटं हुता?" तिनं विचारलं.

"आतच हुते, आजी."

"मला वाटलं, बाई सोडून गेल्या."

बाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. होडीत परत येतानाही त्या नदीकडे बघत बसल्या होत्या.

म्हातारी पाच-सहा आठवडे होती. बाई दिवसाआड पलीकडे जायच्या. शेजारणींच्या पाळ्या लावून दिल्या होत्या, कुणी कुशीवर वळवायचं, कुणी पेज भरवायची. पाठीला एकही जखम झाली नाही. पण छातीत कफ दाटला आणि एका दुपारी ती गेली. दुसऱ्या दिवशी मी स्टूल स्वतः उचलून दाराशी आणून ठेवलं. लिंबापर्यंतचं चालणं पुन्हा सुरू झालं.

एवढं झाल्यावर माझा मत्सर संपला असेल असं वाटेल. तसं झालं नाही. लाजेनं तो दबला, एवढंच. तो पुरता वर आला माझ्या वडिलांपायी.

वडील शाळामास्तर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती तरी गाव त्यांना मास्तरच म्हणे. रोज पहाटे नदीवर अंघोळ, मग संध्या, आणि दहाच्या सुमाराला माझ्या दवाखान्यात येऊन बाकाच्या टोकाला बसून वर्तमानपत्र वाचायचं, असा त्यांचा नेम. माझ्याशी ते कामापुरतं बोलत. लहानपणापासून तसंच होतं. बाईंशी मात्र बोलायचे. मी टेबलावरून बघायचो, बाई पट्ट्या गुंडाळतायत आणि वडील पेपर मांडीवर ठेवून काहीतरी सांगतायत. कधी कधी हसायचे. वडिलांचं हसू मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलं होतं, आणि ते माझ्याच दवाखान्यात, माझ्यासमोर, दुसऱ्या कुणासाठी खर्च होत होतं.

एके दिवशी ते गेल्यावर बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मास्तरांकडे जरा बघायला हवं.

"अण्णा ठणठणीत आहेत," मी म्हटलं. "रोज नदीवर जातात."

"डॉक्टर, चैत्र चाललाय. मास्तर छत्री घेऊन येतात."

"उन्हासाठी असेल."

"उघडत न्हाईत," बाई म्हणाल्या. "टेकत येतात. काठी घ्यायची लाज वाटते त्यांना."

वडिलांची छत्री मी रोज बघत होतो. ती बाकाला टेकवून ठेवलेली असायची, माझ्या नजरेसमोर.

संध्याकाळी घरी बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता सांगितलं की मामंजी घाटाच्या पायऱ्यांवर दोनदा पडले होते, एकदा संक्रांतीच्या आधी आणि एकदा होळीच्या सुमाराला. दुसऱ्या खेपेला कपाळाला खोक पडली होती. दार लागलं असं त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी त्यावर आयोडीन लावलं होतं. हे सगळं त्यांनी बाईंना सांगितलं आणि बाईंनी माझ्या बायकोला. तेव्हापासून ती त्यांना संध्याकाळी भाताऐवजी दुधात शिजवलेली खीर देत होती, वर दाण्याचा लाडू, आणि त्यांची खाट तिनं माजघरातून पुढच्या दालनात आणली होती, म्हणजे उंबरे ओलांडायला नकोत. मला वाटलं होतं, उकाड्यासाठी आणली. बाईंनी घाटावरच्या होडीवाल्यालाही सांगून ठेवलं होतं. वडील आले की तो वरच्याच पायरीवर पाण्याची घागर आणून ठेवायचा आणि जवळपास जाळं विणत बसायचा. घरात सगळ्यांना माहीत होतं. घाटावर माहीत होतं. घरातल्या डॉक्टरला माहीत नव्हतं.

मी तसाच वडिलांकडे गेलो. ते खाटेवर बसून जानवं नीट करत होते. मी उभ्या उभ्या विचारलं, "अण्णा, मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला असावा, कारण त्यांनी मला हातानं बसायची खूण केली, शाळेत करायचे तशी.

"तुला सांगितलं असतं तर तू नदी बंद केली असतीस," ते म्हणाले. "त्यांनी विचारलं, मास्तर, नदीवर जायचंय ना, मग कसं जायचं ते ठरवू."

"मी तुमचा मुलगा आहे."

"म्हणून तर," वडील म्हणाले. जानवं सारखं करत पुढे म्हणाले, "मुलासमोर पडायचं म्हणजे अवघड असतं."

त्या रात्री मला झोप आली नाही. बाईंना काढून टाकावं असाही विचार येऊन गेला, तो मी इथे लपवत नाही. मग ती म्हातारी आठवली, चौकट धरून उभी राहिलेली.

सकाळी दवाखाना उघडायला गेलो तेव्हा बाई आधीच येऊन दारापुढे झाडत होत्या. मी त्यांना म्हटलं, मला शिकवा. जुलाबाच्या औषधाचंही बोललो, त्या दिवशी मला दिसलं होतं हे सांगितलं. त्यांनी केरसुणी भिंतीशी ठेवली.

"मला ठाऊक हुतं," त्या म्हणाल्या. "तुमी हाक मारली न्हाई, पन मी बी बाहेर आले न्हाई. मला तिचा आवाज आला हुता."

म्हणजे आत पाठवल्याचा सल त्यांच्याही मनात होता. इतके महिने मी त्यांना नुसतं शांत समजत होतो. पहिली गाडी लिंबाखाली येऊन थांबली तेव्हा त्यांनी मला सांगितलं की आज तुम्ही टेबलावर बसू नका, बाकावर बसा, रोग्यांमध्ये.

पंधरा दिवस मी सकाळचा तासभर बाकावर बसलो. लोकांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली. शेजारी बसलेल्या माणसाचा श्वास कुठपर्यंत जातो, धोतराचा काष्टा आता किती वेळा खोचावा लागतो, पाण्याचा तांब्या तो एका हातानं उचलतो की दोन, हे टेबलाच्या पलीकडून कधी दिसलं नव्हतं. मी काल संध्याकाळी काय खाल्लं ते विचारायला लागलो. माणसं खरं सांगू लागली. पण सांगून झालं की त्यांचे डोळे बाईंना शोधायचे, आणि तोच जुना मत्सर पुन्हा डोकं वर काढायचा. तो कधी पुरता गेला नाही. मी फक्त त्याचं ऐकायचं सोडलं.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी बाईंना बेलापूरकडे सरकारी नोकरी लागली. जाताना म्हाताऱ्यांचा घोळकाच लिंबाखाली जमला होता. वडील काठी टेकत आले होते. एव्हाना ते उघडपणे काठी घेत. त्यांनी बाईंना धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी दिलं. काय होतं ते मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

त्यानंतर वडिलांना नदीवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. पहाटे मी त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर घ्यायचो आणि आम्ही घाटाकडे निघायचो. मला दवाखाना उघडायची घाई असायची. पहिल्याच आठवड्यात परतताना मधल्या चढावर ते थांबले, धापा टाकत म्हणाले, "बाई असत्या तर जरा हळू चालल्या असत्या."

मला ते लागलं. खूप लागलं. पण त्यांचा हात खांद्यावर जड झाला होता, बोटं सदऱ्यात रुतली होती. मी उभा राहिलो, त्यांचा श्वास खाली बसू दिला, आणि मग त्यांच्या पावलांनी चालू लागलो.